बत्तिसावं कासव

वन्यजीव खात्याचं उत्तर ठाणे, तळ्याकाठ
१४ ऑक्टोबर १९९१

चि. डेल्विन यास,
अ. आ.

वर चिरंजीव लिहिलंय ते सवयीने, वाचून हुरळून जाऊ नकोस. दीड वर्ष झालं, तू माझा फोन उचलत नाहीस. म्हणून बाबांचीच जुनी पद्धत काढते. जेवताना भांडायचं नाही, भांडण कागदावर लिहायचं आणि पिठाच्या डब्याखाली ठेवायचं, दुसऱ्याने सवडीने वाचून तिथेच उत्तर ठेवायचं. डबा तुझ्या घरात राहिला, तेव्हा मी टपालाने पाठवतेय.

गेल्या मंगळवारी बाबांच्या जुन्या चराईत, 'नऊ मैल' म्हणतात त्या हौदापाशी मोजणी करताना एक मोठा नर सापडला. माझ्याकडे सोपवलेल्या रानाच्या पट्ट्यात एकतीस कासवं. प्रत्येकाच्या पाठीवर नंबर आणि रेडिओ, आणि प्रत्येकाचं बीळ मला पाठ. हा त्यांतला नव्हता. उलटा करून पाहिला तर शेपटीच्या वर कवचाच्या कडेला भोक, दोरी ओवायला ड्रिलने पाडतात तसं. शेजारी लाल नेलपॉलिशचा डाग. ते भोक बाबांनी १९६४ साली पाडलं, आणि नेलपॉलिश मी आईची चोरून लावली होती, त्याबद्दल मारही खाल्ला होता. तेव्हा ओळख पटवायला मला कोणत्याही यंत्राची गरज नाही. सत्तावीस वर्षं आपल्या मागच्या अंगणात, लाकडाच्या शेडखाली राहिलेला आपला डीकन घरापासून बावीस मैलांवर उभा होता आणि त्याच्या नाकातून बुडबुडे येत होते.

माझ्या सहा कासवांची नाकं ऑगस्टपासून गळतायत. दोन मेली. ही सर्दी आपल्यासारखी आठवड्यात बरी होणारी नाही. पाळलेलं कासव रानात सोडलं की ती अशीच पसरते. तुमच्या सॉल्ट फोर्डच्या टपाल कचेरीत दाराशेजारीच कागद लावलाय, पाळीव कासवं रानात सोडू नका म्हणून. तू रोज त्याच्या समोरून जातोस आणि तुला वाचता येतं, निदान बाबांचा तसा समज होता.

गुरांचा राग तू मुक्या जनावरावर काढशील असं मला वाटलं नव्हतं. केव्हा सोडलास, कोणत्या रस्त्याने नेलास आणि तेव्हा त्याचं नाक गळत होतं का, एवढं कळव. मला अहवालात लिहायचंय. आईचं कंबरदुखीचं कसं आहे तेही लिही. तिला फोनवर विचारलं की ती हवामान सांगते.

लोभ आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून जागा सोडलीय, तुला वाटेल ते भर.

व्होंडा


सॉल्ट फोर्ड
२२ ऑक्टोबर

व्होंडाबाई,
सा. न. वि. वि.

विनंती विशेष ही, की मला चिरंजीव लिहू नये. तुमच्या खात्याच्या आशीर्वादाने जे चिरंजीव व्हायचे ते नंबर लावून फिरतायत.

पत्र मिळालं. तुला माझा राग आठवला हे बरं झालं. बाबांच्या चराईत तू दोन वर्षं वाकून वाकून बिळं मोजलीस आणि लिहिलंस, गुरांच्या पायांखाली ती ढासळतात. त्यावरून खात्याने चराई बंद केली, एका वसंतात एकशे चाळीस गुरं उतरवावी लागली. आजोबांचं गाव धरणाच्या तळ्याने गिळलं, उरलेलं गवत तू गिळलंस. बाबा पुढच्या हिवाळ्यात गेले. तू मारलंस असं मी म्हणत नाही, डॉक्टरने हृदय लिहिलंय. शेवटपर्यंत ते पहाटे चारा टाकायला उठायचे एवढंच सांगतो. गोठ्यात जाऊन उभे राहायचे आणि परत यायचे.

आणि मला कासवं शिकवू नकोस. त्याला उचललं की ते घाबरून मुततं, वर्षभर पोटात जपलेलं पाणी जातं आणि मग उन्हाळ्यात ते तहानेने मरतं, हे बाबांनी आपल्याला शाळेत जायच्या आधी सांगितलं. तुला ते कळायला चार वर्षं कॉलेजात जावं लागलं आणि तरी तू उचलतेसच. तुझ्या मोजण्याने किती मेली, त्याचा एक अहवाल काढ. मी विकत घेऊन वाचेन.

आता डीकन. मी त्याला नेलेला नाही. मे महिन्यात मी आठवडाभर आयडाहोला होतो, उरलेली गुरं विकायला, तीही तुझीच कृपा. परत आलो तर शेडखालचं बीळ रिकामं. फाटकाची कडी सैल होती, मला वाटलं गेला चालत. आईला सांगायचा धीर झाला नाही. सांगितलं, उकाड्याने आत बसलाय. मग थंडी आली, तेव्हा सांगितलं, झोपला. रोज सकाळी ती स्वयंपाकघरातून विचारते, दिसला का रे? मी म्हणतो, झोपलाय. पाच महिने झाले.

मार्चमध्ये शेडशेजारी नारिंगी फुलं फुटली की तो बाहेर येतो. आई खुर्ची टाकून बसते, हातात सॅलडची पानं घेऊन. ती वर्षातली तिची एकच चैन आहे. मार्चच्या आत डीकन मला परत पाहिजे, जिवंत. तुझा अहवाल तुझ्यापाशी ठेव.

कंबर तशीच आहे. काठी देऊ केली, ती तिने टोमॅटोला आधार म्हणून लावलीय.

लोभ नव्हता, तेव्हा तो असावा असं लिहीत नाही.

डेल्विन


उत्तर ठाणे
९ नोव्हेंबर

श्री. डेल्विन यांस,
सा. न.

नमस्कार अर्धाच घातलाय, तुझ्या पत्राला तेवढा पुरे.

डीकनच्या नाकातल्या पाण्याचा नमुना पाठवला होता. तोच रोग निघाला. तो सध्या ठाण्यामागच्या वेगळ्या कोठडीत आहे, पेंढ्यात झोपलाय, मी रोज बघते. पट्ट्यात सापडलेल्या प्रत्येक जनावराला नंबर द्यावा लागतो, म्हणून त्यालाही दिलाय. बत्तीस.

नियम असा आहे, नीट वाच. त्याला रोग इथे पट्ट्यात लागला असेल, तर त्याला मालकाकडे परत देता येतं, आयुष्यभर एकट्याला बंद ठेवायच्या अटीवर. त्याने तो घरून आणला असेल, तर त्याला इंजेक्शन देऊन संपवायचं आणि फाडून तपासायचं. वरिष्ठांकडून मी ३१ मार्चपर्यंत मुदत मागून घेतलीय. तेवढ्यात मला सिद्ध करायचंय की तो इथे कसा आला आणि आजारी होता की नव्हता.

फाटकाची कडी सैल होती म्हणतोस. कासव वर्षभरात फिरून फिरून पुन्हा आपल्याच बिळाशी येतं. हा बावीस मैल चालला, दोन महामार्ग ओलांडले, कुंपणांखालून गेला आणि नेमका बाबांच्या हौदाशी येऊन थांबला, असं मी वरिष्ठांना सांगू का? गाडीतून नेल्याशिवाय तो तिथे पोचत नाही. गाडी कोणाची ते मला नावानिशी लिहायचंय.

आणि दुसरं. सत्तावीस वर्षं त्याने दुसरं कासव पाहिलं नाही. एकट्या जनावराला हा रोग हवेतून लागत नाही. तेव्हा तुझ्या अंगणात बाहेरचं कासव आलं होतं. कोणाचं तरी ठेवून घेतलं असशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे, कोणाला नाही म्हणता येत नाही तुला. ते कोणाचं, केव्हा आलं आणि डीकनजवळ किती दिवस होतं, लिही. या एका उत्तरावर त्याचा जीव आहे आणि माझ्या बाकीच्या एकोणतीस जणांचाही.

बाबा पहाटे उठायचे हे मला कळवायची गरज नव्हती. ते मला माहीत आहे. शेवटच्या महिन्यात ते मला फोन करून गवत किती वाढलंय ते विचारायचे, आणि मी खरं सांगायचे.

आईला नमस्कार. उत्तर पाठवायची कृपा व्हावी.

व्होंडा


सॉल्ट फोर्ड
२० नोव्हेंबर

व्होंडास,
सा. न. वि. वि. वगैरे.

लिही माझं नाव. मीच नेला. मे महिन्यात, बाबांच्या पिकअपमधून, पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून, हौदाशी सोडला. आमच्या गुरांनी जिथे तोंड लावायचं नाही तिथलं गवत निदान आमच्या कासवाने खावं आणि तू ते मोजत बसावंस, असं मला वाटलं. झालं समाधान? मागच्या पत्रात खोटं लिहिलं होतं, कारण तुला खरं सांगायची मला सवय राहिलेली नाही.

बाहेरचं कासव कोणाचं ते मला माहीत नाही. आलं असेल एखादं. मी दिवसभर अंगणात पहारा देत नाही.

एक गोष्ट ध्यानात ठेव. आईला या प्रकरणात ओढायचं नाही. तिला फोन करून काही विचारायचं नाही, तुमच्या खात्याची जीप फाटकाशी आणायची नाही. तुला गुन्हेगार पाहिजे होता, तो सही करून घरपोच दिलाय. दंड काय तो मला लाव.

आता तू शब्द पाळ. नाव दिलं, डीकन परत दे. कोंडून ठेवायची अट मान्य आहे. शेडभोवती दोन फूट उंच भिंत मी या आठवड्यात घालायला घेतलीय, बाबांच्या गोठ्याचीच विटकर काढून. तिथे आता दुसरं काही बांधायचं नाहीच.

तू लहानपणापासून अशीच. घरात काच फुटली की आधी कोणी फोडली ते शोधायचं आणि मग पायात रुतली कोणाच्या ते विचारायचं.

डेल्विन


उत्तर ठाणे
२४ जानेवारी १९९२

डेल्विन,

तुझं कबुलीचं पत्र अहवालाला जोडलं. मालकाने हेतुपुरस्सर सोडलं असं लेखी मिळाल्यावर वरिष्ठ म्हणाले, आता मार्चपर्यंत कशासाठी थांबायचं. घरचं आजारी जनावर रानात आलं, रोग घेऊन आलं, सगळं जुळतंय. पट्ट्यातली आणखी दोन या महिन्यात गेली आहेत. कागदावर माझी सही लागत होती. मी केली.

आज सकाळी दहाला इंजेक्शन दिलं. मी त्याला धरलं होतं. सॅलडचं पान नेलं होतं, पण थंडीच्या झोपेत होता, त्याने डोळा उघडला नाही. तपासणी झाली की कवच मला परत देणार आहेत.

तुला वाटेल तसं आईला सांग. नाहीतर झोपलाय हेच चालू ठेव. या वेळी ते फारसं खोटं होणार नाही.

तुझी भिंत वाया गेली. तू खोकं गाडीत ठेवलंस तेव्हाच ती वाया गेली होती. एका रागासाठी तू घरचं जनावर मारलंस आणि माझं नऊ वर्षांचं काम मारतोयस. पुन्हा मला पत्र लिहू नकोस.

व्होंडा


सॉल्ट फोर्ड
२६ जानेवारी १९९२, रविवार

चि. व्होंडा हिला,
अ. उ. आ. वि. वि.

तुझी आई आर्व्हिला हिचे आशीर्वाद. मी खुशाल आहे. चर्चमधून येऊन बसलेय आणि सूप चुलीवर आहे, तेव्हा मध्येच उठले तर ओळ तुटेल.

धुवायला टाकलेल्या शर्टाचे खिसे तपासायची मला तुझ्या बाबांपासून सवय आहे. काल डेल्विनच्या खिशात तुझं नोव्हेंबरमधलं पत्र मिळालं. तुम्ही दोघं अजून डब्याखाली चिठ्ठ्या ठेवता हे पाहून बरं वाटलं. मजकूर वाचून वाटलं नाही. डीकन कोणी नेला म्हणून तू भावाला सोलून काढतेयस. तो सांगत नसणार, म्हणून मी सांगते. मी नेला.

तो आयडाहोला गेला होता तेव्हा. बाबांची पिकअप काढली, सीट पुढे ओढली, पुठ्ठ्याचं खोकं शेजारी ठेवलं. डोळ्यांनी मला आता लांबचं बरंच दिसतं, जवळचंच दिसत नाही, आणि रस्ता तर लांबच असतो. कंबरेने तीन दिवस सूड घेतला. परत आल्यावर सीट मागे सारायची मी विसरले आणि डेल्विनने ते पाहिलं, माझ्या लक्षात आलं. बोलला नाही. रोज सकाळी मी विचारते आणि रोज तो बुटांकडे बघत सांगतो, झोपलाय. एकदा तर म्हणाला, घोरत होता. कासव घोरतं हे मला बाहत्तराव्या वर्षी कळलं. किती दिवस निभावतो ते बघत होते, आणि आता त्याचीच मला काळजी वाटते, फार चांगलं खोटं बोलायला लागलाय.

का नेला, तर ईस्टरला डेल्विन ताट घेऊन पिकअपमध्ये जाऊन बसला, तेव्हा तूच जेवताना सांगितलंस. तुझ्या पट्ट्यात मोठे नर दोनच उरलेत, पिल्लं डोमकावळे उचलतात, आकडा वाढला नाही तर पट्टा बंद करून तुला कुठेतरी दुसरीकडे धाडतील. तू रडली नाहीस, पण हॅम तशीच टाकलीस. मी म्हटलं, माझ्याकडे एक नर बसून सॅलड खातोय. तुझ्या बाबांनी तो त्याच हौदापाशी उचलला होता, मुठीएवढा होता. त्याला परत ठेवला तर कोणाचं काय बिघडतं. तुझ्या आकड्यात एकाची भर पडेल. टपाल कचेरीतला कागद मी पाहिला होता, पण तो परक्यांसाठी असतो असं मला वाटलं.

आता त्याच्या सर्दीचं. ती ईस्टरपासूनच आहे. तू ती डोळे खोल गेलेली मादी खोक्यातून आणली होतीस ना, सुट्टीमुळे डॉक्टर नव्हता म्हणून मागच्या ओसरीवर दोन दिवस ठेवलीस. जस्ताच्या टबात तिला दोन बोटं पाण्यात बसवलीस. तिला काढल्यावर मी ते पाणी टोमॅटोला घालायला निघाले, तर तू आतून म्हणालीस, टाकू नकोस, आज डीकनच्या आंघोळीचा दिवस ना, त्याला बसव त्यात. तशी आपल्या घरात पाणी दोनदा वापरल्याशिवाय टाकायची रीत नाहीच. डीकन तासभर बसला. आठवड्याने शिंकायला लागला. मी नाकाला कोमट पाणी लावत होते, म्हटलं रानातली कोरडी हवा लागली की बरा होईल.

तर कागदावर माझं नाव लिही, डेल्विनचं नको. त्याच्या नावावर आधीच पुष्कळ काय काय गेलंय. आणि डीकन बरा झाला की नियमात बसत असेल तर तिथेच सोड, बसत नसेल तर फुलं यायच्या आत घरी पाठव. काही केलंस तरी त्याला एकदा मोजून घे. मी त्यासाठीच नेला होता.

सूप उतू गेलं. मायेत कमी नाही, आहे तेवढी पाठवते, दोघांत वाटून घ्या.

आई


उत्तर ठाणे
६ फेब्रुवारी

डेल्विन,
सा. न. वि. वि.

पुन्हा लिहू नकोस असं मीच लिहिलं होतं आणि मीच लिहितेय. आईचं पत्र सोबत जोडलंय. आधी ते वाच.

वाचलंस? आता माझं वाच.

ती मादी सतरा नंबरची होती. ईस्टरनंतर मी तिला डॉक्टरकडे नेलं, पाणी पाजलं, पट्ट्यात परत सोडलं. जुलैत ती मेली. मरताना तिचं नाक गळत होतं. मी कारण लिहिलं, दुष्काळ, तहान. सगळं रान तहानेलं होतं, कोणी शंका घेतली नाही, मीही माझी घेतली नाही. म्हणजे रोग माझ्या पट्ट्यात आधीपासून होता. तो मी खोक्यात घालून आईच्या ओसरीवर आणला, आणि तुझ्या अंगणात बाहेरचं कासव कोणी आणलं म्हणून तुलाच विचारलं. प्रत्येक कासवाला वेगळा टब, वेगळे हातमोजे, वापरलेलं पाणी खड्ड्यात, हे मी दर वर्षी नव्या पोरांना शिकवते. आणि घरी जेवायला बसल्यावर बाबांची मुलगी झाले आणि म्हणाले पाणी टाकू नकोस.

डीकनने रोग आणला नव्हता, पट्ट्यातल्याच कासवाकडून त्याला तो लागला होता. नियमाप्रमाणे तो घरी यायचा होता. तुझ्या भिंतीत.

तू मे महिन्यात आयडाहोला होतास हे तुझ्या ऑक्टोबरच्या पत्रात स्वच्छ आहे. ते पत्र माझ्या ड्रॉवरमध्ये होतं. मी ते विसरले नव्हते. तुझी कबुली आली तेव्हा मला ती हवी होती, म्हणून जुनं पत्र वर काढलं नाही. पण तूही ऐक. तू खोटं लिहिलं नसतंस तर मार्चपर्यंत मुदत होती. तू आईला वाचवायला गेलास आणि मी मला वाचवायला गेले, आणि तो झोपेत गेला. याबद्दल मी तुझ्यावर चिडलेय आणि चिडलेलीच राहणार. माझ्यावर तू किती चिडायचं ते तुझं तू ठरव.

अहवाल नव्याने लिहून दिला. रोग कोणी नेला त्या रकान्यात माझं नाव आहे. सतरा नंबरचं कारणही बदललं. एप्रिलपासून पट्टा दुसऱ्याकडे जाईल, मला टेबलावर बसवतायत, डोमकावळ्यांच्या घरट्यांची बेरीज करायला.

आईला अजून काही सांगू नकोस. मी मार्चमध्ये येऊन स्वतः सांगते. हे काम तरी माझं मला करू दे.

व्होंडा


सॉल्ट फोर्ड
१६ मार्च

व्होंडास,
सा. न. वि. वि.

शनिवारी तू आलीस. मी शेडमागे होतो, मुद्दाम. म्हटलं हिचं काम हिला करू दे. खिडकी उघडी होती, तेव्हा मी ऐकलं. दोन तास तू तळ्याचं पाणी किती उतरलंय ते सांगितलंस, मग नवीन जीप, मग वारा. शेवटी आईने विचारलं, डीकन कसा आहे? आणि तू म्हणालीस, छान आहे, अजून झोपलाय. मग गाडीत बसून निघून गेलीस. मला हाक मारायचीही तुला गरज वाटली नाही.

मी इतका भडकलो होतो की तुझ्या मागे गाडी काढणार होतो. दहा महिने मी ते एक वाक्य एकट्याने ओढलं, माझी पाठ मोडली, आणि तू ते माझ्याच स्वयंपाकघरातून उचलून वापरलंस. चावी शोधायला आत गेलो तर आई टेबलाशीच बसली होती. तू आणलेली पेस्ट्री तशीच.

ती म्हणाली, गाडी काढू नकोस, बस. म्हणाली, व्होंडा बोलताना बुटांकडे बघत होती. तू बघायचास तेव्हा त्याचा अर्थ एवढाच होता की बिळात कोणी नाही. तिने बघितलं तेव्हा मला कळलं, कुठेच नाही. मग विचारलं, कधी? मी सांगितलं. कसं, ते विचारलं, तेही सांगितलं. टबाचं सांगायचं आलं आणि मी पुन्हा चावी शोधायला लागलो, तर तीच म्हणाली, पाण्याचं मला ठाऊक आहे, पत्र लिहितानाच माझ्या लक्षात आलं होतं, म्हटलं व्होंडा शिकलेली आहे, तिला माझ्या आधी कळलं असेल. मग उठून पेस्ट्री कोंबड्यांना घातली.

रडली नाही. आज सकाळी मात्र तिने विचारलं नाही, दिसला का रे म्हणून. मी बूट घालून तिथेच उभा राहिलो, विचारेल म्हणून. नाही विचारलं. बाबांच्या वेळी मी रडलो नव्हतो, व्होंडा. आज शेडमागे जाऊन रडलो. हे तुला सांगायचं नव्हतं, लिहून झालंय तर राहू दे.

मी तुला माफ केलेलं नाही. गुरांसाठी नाही आणि त्याच्यासाठीही नाही. माझ्या कबुलीचं तू म्हणतेस ते खरं आहे, तेव्हा तूही मला करू नकोस, आपलं फिटतं. पण आईचा निरोप आहे, तो पोचवायचं माझं काम.

कवच तुझ्या टेबलावर आहे असं तू तिला जाता जाता सांगितलंस म्हणे, कुठलं तरी दुसऱ्या कासवाचं म्हणून. ते घेऊन ये. नारिंगी फुलं काल फुटली. शेडखाली, त्याच्या बिळाच्या तोंडाशी मी खड्डा काढलाय, दोन फूट, कोल्हे-कोयोटी उकरणार नाहीत इतका. भिंतही पुरी झालीय, ती पाडणार नाही. येत्या शनिवारी सकाळी नऊला ये. आई खुर्ची टाकून बसणार आहे. जेवण इथेच, मी पिकअपमध्ये नेऊन खाणार नाही, टेबलाशी बसेन. बोलेनच असं नाही.

आणि कवचावर तुमच्या नंबराची पट्टी चिकटवली असेल. मी म्हटलं, ती खरवडून आणायला सांगतो. आई नको म्हणाली. म्हणाली, मोजला असेल तर मोजलेला राहू दे.

डेल्विन